माघातली पेरणी, वैशाखातले ताट

आसगाव परिसरात थंडी ओसरू लागली की पळस पेटतो, मोहाची पानगळ होते आणि धानाच्या बांध्या मोकळ्या दिसू लागतात. पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखात असला तरी पूर्व विदर्भात चैत्र उजाडेपर्यंत ऊन तापू लागलेले असते. येथला खरा वसंत वसंत पंचमीपासून होळीपर्यंतचा, जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. पुढच्या तीन महिन्यांत घरातल्या ताटात हिरवी भाजी असेल की नाही, हे बऱ्याच अंशी याच आठवड्यांत ठरते.

पवनी तालुक्यातील या चौरास पट्ट्यात भाताची कमतरता नाही. वैनगंगेचे खोरे, जुने तलाव, विहिरी आणि आता गोसीखुर्दचे पाणी यामुळे काही ठिकाणी उन्हाळी धानही घेतले जाते. भाजीपाल्याचे गणित मात्र वेगळे आहे. हिवाळ्यात सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसबागेत, वांगी, भेदरं, सांभार, पालक, मेथी असे काही ना काही असते आणि धुऱ्यावर पोपटाच्या शेंगा असतात. पावसाळ्यात तरोट्यापासून धोप्याच्या पानांपर्यंत बऱ्याच रानभाज्या फुकट मिळतात. होळीनंतर हे सगळे आटते. वाडी वाळते, बाजारातली पालेभाजी महागते आणि जी मिळते ती उन्हात तासाभरात माना टाकते. मग भात, वरण, आलूचा रस्सा आणि बेसन यांवर दिवस निघतात. पोट भरते, पण शरीराला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यात नसतात.

म्हणूनच परसबागेचा विचार पावसाळ्यापुरता ठेवणे पुरेसे नाही. ज्या महिन्यांत भाजी सर्वांत दुर्मीळ असते, त्या महिन्यांसाठी पेरणी आत्ता व्हायला हवी.

ताटात किती भाजी हवी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला दोन हजार किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात आणि त्यांपैकी १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या असाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही फळे व भाज्या मिळून रोज किमान ४०० ग्रॅमचा आग्रह धरते.

पाच माणसांच्या घराला या हिशेबाने रोज दोन किलो भाजी लागेल. मजुरीवर चालणाऱ्या घराला मे महिन्यात एवढी विकत घेणे परवडत नाही. त्यातच बाजार आठवड्यातून एकदा भरतो. बाजाराच्या दिवशी आणलेली पालेभाजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपते किंवा सडते आणि उरलेला आठवडा आलू-कांद्यावर काढावा लागतो. शिवाय तोडलेल्या पालेभाजीतले 'क' जीवनसत्त्व उष्णतेत झपाट्याने कमी होते. दारातून तोडून तासाभरात शिजवलेली चवळईची जुडी आणि दोन दिवस उन्हात प्रवास केलेली जुडी दिसायला सारखी असली तरी पोषणात सारखी नसते.

घरच्या वाडीतून रोज दोन किलो भाजी निघेल, असा दावा कोणी करू नये. पण त्यातला पालेभाजीचा वाटा, म्हणजे पाच जणांसाठी रोजची अर्धा किलो, आवाक्यातला आहे. माती बरी असेल, पाणी नियमित मिळत असेल आणि पेरणी टप्प्याटप्प्याने केली असेल, तर त्यासाठी दहा ते पंधरा चौरस मीटर जागा पुरू शकते. एका गुंठ्यात सुमारे १०१ चौरस मीटर असतात. तेव्हा ही जागा पाव गुंठ्याहूनही कमी झाली.

रक्तक्षय आणि पालेभाजी

रक्त कमी असल्याचे कळले की गावात पहिला सल्ला मिळतो तो पालक खाण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे आणि कधी कधी त्याच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या जातात. येथे आकडे पाहणे आवश्यक आहे.

२०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. प्रश्न इतका मोठा असताना उपाय अंदाजाने सांगून चालणार नाही.

शंभर ग्रॅम पालकात साधारण ३ मिलिग्रॅम लोह असते. वनस्पतीतले लोह आतड्यातून कमी शोषले जाते. शंभरातले पाच-दहा भाग शोषले गेले तरी पुष्कळ. म्हणजे वाटीभर पालकातून रक्तापर्यंत पोहोचणारे लोह सुमारे पाव मिलिग्रॅम. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियमही बांधून ठेवते. प्रौढ स्त्रीच्या आहारात दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह असावे, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. एकट्या पालेभाजीने ती गाठणे शक्य नाही. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी ती १८० दिवस घ्यायची असते आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलेल्या गर्भवतीची गोळी थांबवून तिला फक्त भाजी खायला सांगणे धोक्याचे आहे.

मग भाजीचा उपयोग काय? तो तीन प्रकारचा आहे. पहिला फोलेटचा. हे जीवनसत्त्व रक्तपेशी तयार होण्यासाठी लागते आणि गर्भाच्या पाठीचा कणा व मेंदू नीट घडण्यासाठी गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीला लागते. ते हिरव्या पानांत आणि शेंगांत भरपूर असते, पण फार वेळ उकळल्यास आणि पाणी टाकून दिल्यास निघून जाते.

दुसरा 'क' जीवनसत्त्वाचा. जेवणात लिंबू, कच्चे भेदरं किंवा सांभार असेल, तर त्याच जेवणातल्या डाळीचे, भाताचे आणि भाजीचे लोह अधिक शोषले जाते. भाजी शिजून खाली उतरल्यावर लिंबू पिळले, तर फायदा जास्त. याउलट जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घेतलेला चहा हे शोषण कमी करतो. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवायला पैसा लागत नाही.

तिसरा उपयोग 'अ' जीवनसत्त्वाचा. शेवग्याचा, म्हणजे इकडच्या मुनग्याचा पाला, चवळई, लाल भाजी, पिकलेला कोहळा आणि पपई यांतील रंगद्रव्यापासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते. त्यासाठी भाजीत चमचाभर तेल हवे. नुसत्या पाण्यात शिजवलेल्या पाल्यातून ते पुरेसे मिळत नाही. बालकांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दिले जाणारे 'अ' जीवनसत्त्वाचे डोस मात्र भाजी खाल्ली तरी चुकवू नयेत.

या पट्ट्यात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेतही तपासणीवर भर आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी लवकर तुटतात आणि नव्या सतत तयार कराव्या लागतात, म्हणून फोलेटची गरज वाढते. अशा रुग्णासाठी हिरवी भाजी चांगलीच, पण डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी त्यामुळे सुटत नाही. लोहाची गोळी मात्र सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, कारण त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. रक्त कमी असेल तर आधी सिकलसेलची तपासणी, मग उपचार, हा क्रम भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवा.

परसबागेने काय साधते?

घरच्या भाजीबागेचा आरोग्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास जगात अनेक ठिकाणी झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या एका खेड्यात पिवळ्या-नारिंगी आणि गडद हिरव्या भाज्यांच्या घरगुती बागा केल्या गेल्या. तेथील दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तातील 'अ' जीवनसत्त्वाची पातळी सुधारल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्या प्रयोगात बागेबरोबर मुलांचे वजन घेणे आणि आयांना आहाराची माहिती देणे हेही नियमित चालू होते. बांगलादेशातही घरगुती बागांचा कार्यक्रम अनेक वर्षे चालला आणि कुटुंबांच्या खाण्यातील भाजीपाला वाढला.

आपल्या शेजारचे उदाहरण वर्धा जिल्ह्याचे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वर्धा आणि ओडिशातील कोरापुट या जिल्ह्यांतील काही गावांत शेती आणि पोषण यांची सांगड घालणारा अभ्यास केला. परसबागा हा त्याचा एक भाग होता. विदर्भातल्याच हवामानात ते काम झाल्यामुळे त्याचे महत्त्व जास्त.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष असा की बागेमुळे ताटातली विविधता आणि काही जीवनसत्त्वे खात्रीने वाढू शकतात. केवळ बागेने रक्तक्षय बरा होतो, असे मात्र म्हणता येत नाही. बाग, गोळी, जंतनाशक औषध आणि रक्ततपासणी ही एकमेकांना पूरक कामे आहेत.

कधी आणि काय पेरावे?

जानेवारीच्या अखेरीस रात्रीची थंडी कमी झाली की वेलवर्गीय बिया उगवू लागतात. तेव्हापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उन्हाळी भाजीसाठी चांगला. मार्चचा पहिला आठवडा उलटला की उशीर होऊ लागतो, कारण पारा चाळिशीपलीकडे गेल्यावर फुले गळतात आणि फळधारणा कमी होते. त्याआधी मुळे खोल गेलेले रोप ऊन सोसते.

चवळई आणि लाल भाजी पेरल्यापासून साधारण चार आठवड्यांत तोडायला येते. भेंडीला सात आठवड्यांच्या आसपास लागतात. बरबटी, गवार, काकडी, कारली, दोडका आणि लवकी दीड ते दोन महिन्यांत फळू लागतात. फेब्रुवारीच्या मध्यात पेरलेली लवकी एप्रिलच्या मध्यात, म्हणजे नेमकी गरज सुरू होते तेव्हा, हाताशी येते. पालेभाजी मात्र एकदम सगळी पेरू नये. जागेचे चार छोटे वाफे करून दर आठवड्याला एक पेरला, तर पहिला तोडून होईपर्यंत चौथा वर आलेला असतो. पालक आणि मेथीला कडक ऊन मानवत नाही. उन्हाळ्यात चवळई, लाल भाजी आणि अंबाडी यांचाच भरवसा धरावा.

वेलांसाठी बांबूचा किंवा तुराट्यांचा मांडव केला, तर दुहेरी उपयोग होतो. वर लवकी-दोडका चढतो आणि खाली पडणाऱ्या सावलीत पालेभाजी टिकते. मांडव भरेपर्यंत जुन्या लुगड्याची सावली चालते. धानपट्ट्यातल्या घराकडे आणखी एक मोठे साधन आहे ते तणसाचे. वाफ्यातल्या मातीवर चार बोटे जाडीचा तणसाचा थर दिला की माती तापत नाही, पाणी कमी उडते आणि तण दबते. पालापाचोळ्यातून माती घडवण्याचे आणि थोड्या जागेत नेमके उत्पादन घेण्याचे शास्त्र कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून महाराष्ट्रभर सांगितले. पावसाळ्यानंतर पाला जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजवला असेल, तर माघात खत विकत आणावे लागत नाही.

कायमच्या झाडांपैकी चार झाडे प्रत्येक अंगणाने धरावीत: मुनगा, लिंबू, कढीपत्ता आणि पपई. यांची लागवड पावसाच्या सुरुवातीला करणे सोयीचे, पण जागा आणि खड्डे आत्ताच ठरवून ठेवता येतात. वाढलेल्या मुनग्याला उन्हाळ्यात फारसे पाणी लागत नाही. शेंगा सर्वजण खातात, पण पाला बहुतेक घरी वाया जातो. त्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि 'अ' जीवनसत्त्वाचे रंगद्रव्य पालकापेक्षा अधिक असते. वरणात मूठभर पाला टाकला की वेगळी भाजी करावी लागत नाही आणि लहान मुलेही तक्रार न करता खातात.

बियाणे शक्यतो घरात टिकवता येईल असे असावे. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा संग्रह उभा केला आणि परसबागेसाठी ती बियाणी अनेक घरांत पोहोचवली. २०२० मध्ये पद्मश्रीने त्यांच्या कामाचा गौरव झाला. चौरास पट्ट्यातही जुन्या घरांत लवकी, दोडका आणि बरबटीचे बी अजून राखेत जपलेले सापडते. ते शेजाऱ्यांत वाटले गेले पाहिजे.

पाण्याचा हिशेब

'उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, वाडीला कुठून आणायचे?' हा प्रश्न रास्त आहे. कडक उन्हात तणसाच्या आच्छादनाशिवाय एका चौरस मीटरला दिवसाला सहा ते आठ लिटर पाणी लागते. पंधरा चौरस मीटरला म्हणजे शंभर लिटरच्या आसपास. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे आहे. पाच जणांच्या घराचे ते २७५ लिटर होतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक आंघोळ व भांड्यांचे पाणी होऊन नालीत जाते. हेच पाणी वाडीकडे वळवले, तर नवे पाणी फारसे लागत नाही आणि दारासमोरची नालीही कोरडी राहते.

मात्र सांडपाणी वापरताना काही नियम पाळावे लागतात. भांड्यांचे आणि आंघोळीचे पाणी आधी गिट्टी-रेतीच्या छोट्या खड्ड्यातून जाऊ द्यावे आणि झाडाच्या बुडाशी सोडावे, पानांवर शिंपडू नये. कपडे धुण्याच्या पावडरचे फेसाळ पाणी रोज दिल्यास माती खारावते आणि घट्ट होते. ते वाडीत सोडू नये. शौचालयाचे पाणी कोणत्याही स्थितीत भाजीला देऊ नये. सांभार, काकडी, भेदरं यांसारखे जे कच्चे खाल्ले जाते, त्याला स्वच्छ पाणीच द्यावे. दूषित पाण्यातून आणि उघड्यावरील घाणीतून जंतांची अंडी पानांना चिकटतात. डुकरांचा वावर असलेल्या ठिकाणी न धुतलेल्या कच्च्या भाजीतून फीतकृमीची अंडी पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. भाजी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुणे आणि वाडीतून आल्यावर साबणाने हात धुणे एवढ्याने बराच धोका टळतो.

काही खबरदाऱ्या

धानाच्या फवारणीतून उरलेले औषध घरच्या भाजीवर मारण्याची सवय फार घातक आहे. भेंडी आज फवारून उद्या तोडली जाते. औषधाचा अंश उतरायला वेळच मिळत नाही. फवारणीचे विष किती महागात पडते, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी-शेतमजुरांच्या मृत्यूंनी विदर्भाला दाखवले आहे. घरच्या वाडीत किडी हाताने वेचणे, रोगट झाड उपटून टाकणे आणि लिटरला ५० ग्रॅम निंबोळीचा अर्क फवारणे एवढे बहुतेक वेळा पुरते. औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत.

झाडांसाठी भरून ठेवलेली टाकी, रांजण आणि फुटक्या बादल्या डेंग्यूच्या डासाची घरे होतात. त्या झाकाव्यात आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकाम्या करून घासाव्यात. तणसाचा ढीग भिंतीला लावून ठेवू नये. तेथे विंचू आणि मण्यार आसरा घेतात. संध्याकाळी वाडीत जाताना पायात चप्पल-बूट आणि हातात बॅटरी हवी. साप चावल्यास मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे. एप्रिल-मे महिन्यांत वाडीची कामे सकाळी नऊच्या आत किंवा दिवस कलल्यावर करावीत. गर्भवती, वृद्ध आणि सिकलसेलचे रुग्ण यांनी दुपारच्या उन्हात अजिबात राबू नये.

काही रुग्णांना भाजीही विचारून खावी लागते. मूत्रपिंड निकामी होत आलेल्यांना पालेभाजीतील पोटॅशियम वाढून त्रास होऊ शकतो. हृदयाची झडप बदललेल्या आणि रक्त पातळ करण्याची वॉरफेरिन गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू नये आणि अचानक बंदही करू नये. मुतखड्याचा त्रास वारंवार होणाऱ्यांनी पालक कमी करून दुसऱ्या भाज्या घ्याव्यात.

कष्ट कोणाचे, घास कोणाचा?

परसबागेच्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. पाणी घालणे, निंदण, बकऱ्या हाकणे ही सगळी कामे बहुधा घरच्या बाईच्या वाट्याला येतात. तिच्याच रक्तात लोह कमी आणि तिच्याच दिवसात काम जास्त, अशा स्थितीत बाग हा आणखी एक भार होऊ नये. कुंपण घालणे, खड्डे खोदणे आणि सांडपाण्याची नाली काढणे ही कामे पुरुषांनी करावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तोडलेली भाजी तिच्या ताटात पोहोचली पाहिजे. सगळे जेवून झाल्यावर उरेल ते खाण्याची रीत अनेक घरांत अजून आहे आणि पालेभाजी नेमकी आधी संपते. दारची भेंडी बाजारात विकून घरात आलूच खाल्ले गेले, तर पैसा येईल, पण हिमोग्लोबिनच्या तक्त्यात काही बदलणार नाही.

ज्यांच्या घरामागे वीतभरही जागा नाही, अशा घरांचा प्रश्न तर घरोघरच्या उपदेशाने सुटणारच नाही. त्यांच्यासाठी अंगणवाडी, शाळा आणि गावठाणातली सामायिक जागा यांचा विचार करावा लागेल. शाळांमधून पोषण-बागा कराव्यात, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१९ मध्येच दिल्या आहेत. राज्यात 'उमेद'च्या बचत गटांमार्फत 'माझी पोषण परसबाग' मोहीमही राबवली गेली. हेतू चांगला आहे. वेळापत्रकात मात्र सुधारणा हवी. अशा मोहिमा सहसा पावसाच्या तोंडावर निघतात. बियाण्यांची पाकिटे जून-जुलैत वाटली जातात. त्या दिवसांत रान आपणहून भाजी देत असते. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची बाग पाण्याविना वाळते. म्हणजे ताट रिकामे असते तेव्हा योजनाही सुट्टीवर असते.

उपाय अवघड नाही. उन्हाळी भाज्यांच्या बियाण्यांचे दुसरे वाटप जानेवारीत व्हावे. ते करताना आशा सेविकेने ज्या घरात गर्भवती, स्तनदा माता, कुपोषित बालक किंवा सिकलसेलचा रुग्ण आहे, ती घरे आधी निवडावीत, कारण ही यादी तिच्याकडे आधीच असते. शाळेच्या बागेला सुट्टीत पाणी घालण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने एखाद्या बचत गटाकडे द्यावी आणि त्या काळातली भाजी अंगणवाडीच्या आहारात जावी. सार्वजनिक विहीर व नळाजवळ साचणारे सांडपाणी डास वाढवण्याऐवजी सामायिक वाफ्यांकडे वळवता येईल. बागा किती झाल्या, यापेक्षा मे महिन्यात किती घरांत आठवड्यातून चार दिवस पालेभाजी शिजली, ही नोंद आरोग्याच्या दृष्टीने अधिक उपयोगाची ठरेल.

तोपर्यंत घराने सरकारी पाकिटाची वाट पाहण्याचे कारण नाही. मूठभर चवळईचे बी, चार बिया लवकीच्या, दहा-वीस भेंडीच्या आणि न्हाणीच्या पाण्याची एक नाली एवढ्यावर सुरुवात होते. सोबत घरातल्या प्रत्येक मुलीची आणि सुनेची हिमोग्लोबिन व सिकलसेल तपासणी याच महिन्यात करून घ्यावी. पळस फुलला आहे; होळीपर्यंत बी मातीत गेले पाहिजे.